काही शंका?

(आम्हाला शिक्षक म्हणून घडवणाऱ्या प्राध्यापकांना एका छात्राध्यापिकेचे खुले पत्र)

आदरणीय सर आणि मॅडम,

सा. न. वि. वि.

मायना लिहिताना माझा हात अजूनही क्षणभर अडखळतो, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. सातवीच्या परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न होता, वडिलांना पत्र लिहा. मी ‘प्रिय बाबा’ अशी सुरुवात करून अगदी मनापासून दीड पान लिहिलं. पाचापैकी दोन गुण मिळाले. ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार’ असं लिहायचं असतं, हे मला उत्तरपत्रिका हातात आल्यावर शेजारणीच्या कागदावरून कळलं. तिला ते कुठून आलं? तिच्या घरी आजोबांची जुनी पत्रं जपून ठेवलेली होती, ती तिने वाचली होती. वर्गात बाई एवढंच म्हणाल्या होत्या, “मायना तर तुम्हाला येतोच, आपण मजकुराकडे वळू.” बाईंचं काही चुकलं असं मला तेव्हा मुळीच वाटलं नाही. हे सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही, एवढंच वाटलं. ते वाटणं पुढे बरीच वर्षं टिकलं.

आता मी त्या बाईंच्या जागी उभी राहायला शिकते आहे. सराव पाठ सुरू झाले आहेत, टाचणांच्या, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या, वह्या भरत आहेत. आणि परवा एका पाठात माझ्याच तोंडून तेच वाक्य निघालं: “एवढं तर तुम्हाला माहीतच असेल.” तुम्ही मागच्या बाकावर निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसला होता. त्या वाक्याला तक्त्यात कुठे जागाच नव्हती, त्यामुळे ते सुटून गेलं. हे पत्र त्या सुटलेल्या वाक्याबद्दल आहे.

शिक्षणातली विषमता म्हटली की आपण इमारतींबद्दल बोलतो, फीबद्दल बोलतो, शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण त्यातलं काही माझ्या हातात नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्याही नाही. माझ्या हातात असतात तासाची पस्तीस-चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात मी काय गृहीत धरते आणि ते न सांगता मुलांकडून कसं वसूल करते, याकडे मला कोणी बघायला शिकवलं नाही.

शिकवलं, असं तुम्ही म्हणाल. ‘छुपा अभ्यासक्रम’ आम्हाला अभ्यासाला आहे. फिलिप जॅक्सन हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ, १९६८, शाळेत पाठ्यपुस्तकाबाहेर मुलं काय काय शिकतात: रांगेत थांबणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं, चारचौघांत मूल्यमापन करून घेणं, शिक्षकाची मर्जी ओळखणं. परीक्षेत ‘टीप लिहा’ म्हणून तो येतो. मी लिहिली, चांगले गुण मिळाले. गंमत अशी की ती टीप लिहिताना, तुम्हाला मुद्दे अधोरेखित केलेले आवडतात, शेवटी ‘समारोप’ असा उपमथळा लागतो, हे सगळं मी कोणी न सांगता ओळखून केलं होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ते ओळखता आलं नाही. विषय तिला माझ्यापेक्षा जास्त कळला होता. गुण मला जास्त पडले.

पहिल्याच आठवड्यातला एक प्रसंग सांगते. तिसरीचा वर्ग, विषय झाडाचे भाग. मी हातात एक पान धरलं आणि विचारलं, “हे काय आहे?” अर्धा वर्ग ओरडला, “पान!” खिडकीशी एक मुलगा होता, नुकताच शाळेत आलेला. मी मुद्दाम त्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. तो खाली बघू लागला. निरीक्षणात मी लिहिलं, ‘एका विद्यार्थ्याला मूलभूत शब्दसंग्रहाची अडचण.’ मधल्या सुट्टीत तो माझ्या मागे मागे आला आणि म्हणाला, “बाई, पान तर तुमच्याच हातात होतं. तुम्हाला दिसत होतंच की.”

त्याचं बरोबर होतं. जगात कुठेही माणूस प्रश्न विचारतो तो स्वतःला उत्तर ठाऊक नसतं म्हणून. उत्तर माहीत असूनही प्रश्न विचारायचा, आणि समोरच्याने ते माहीत आहे हे सिद्ध करायला उत्तर द्यायचं, हा खेळ फक्त शाळेत चालतो. आणि काही घरांत. ज्या घरांत रांगत्या बाळाला चित्राचं पुस्तक दाखवून ‘हे काय? आणि हे?’ असं विचारत राहतात, त्या घरची मुलं हा खेळ खेळतच शाळेत येतात. शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या जवळजवळच्या वस्त्यांमध्ये कित्येक वर्षं राहून-वावरून नेमकं हेच टिपलं आणि १९८३ मध्ये मांडलं. एका वस्तीत मुलांना असे प्रश्न कोणी विचारतच नसे. तिथली मुलं गोष्टी रंगवून सांगण्यात, हजरजबाबीपणात तयार होती. शाळेत गेल्यावर ती ‘बोलत नाहीत’ अशी ठरली. खिडकीजवळच्या त्या मुलाला झाडाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, सांगता येत नाही. मी विचारलंच नाही. मी पान ओळखायला सांगितलं.

दुसरी गोष्ट मला कबुलीसारखी सांगायची आहे. एका पाठाचं मी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं, उच्चार तपासायला. घरी ऐकताना उच्चार राहिले बाजूला आणि मी कागद-पेन घेऊन मोजत बसले. एकूण सतरा प्रश्न विचारले होते. त्यातल्या चौदांची उत्तरं चार मुलांनी दिली होती. वर्गात बेचाळीस मुलं होती. उरलेले तीन प्रश्न मी इतरांना विचारले, पण ऐकताना लाज वाटावी अशा पद्धतीने. नाव घेतलं, प्रश्न विचारला आणि श्वास पुरा व्हायच्या आत “चला, दुसरं कोण सांगेल?” त्या चौघांपैकी एक जण चाचरला तेव्हा मात्र मी “हं… हं… बरोबर चाललंय” म्हणत थांबले होते. तुमचा त्या पाठावरचा शेरा माझ्याकडे आहे: ‘वर्गाचा प्रतिसाद उत्तम. वेळेचे नियोजन चांगले.’

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-अभ्यासिकेने हीच मोजणी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कितीतरी वर्गांत केली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. त्यात आणखी एक बारीक नोंद होती, ती मात्र आमच्या पुस्तकातल्या परिच्छेदात नाही. शिक्षकांच्या मते वर्गातली पहिली पाच जी मुलं, त्यांच्यासाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबत होते. शेवटच्या पाच मुलांसाठी एक सेकंदही नाही. ज्याला जास्त वेळ हवा त्याला कमी द्यायचा आणि मग त्याच्या नावापुढे ‘प्रतिसाद देत नाही’ लिहायचं. मीही तेच करत होते, आणि मला त्याबद्दल शाबासकी मिळत होती.

आता ‘काही शंका?’ बद्दल.

पाठ संपत आला की आम्ही हे विचारतो, कारण तसं टाचणात लिहिलेलं असतं. तुम्हीही तुमच्या तासाला विचारता. चार-पाच सेकंद शांतता, मग “म्हणजे सगळ्यांना समजलं.” या शांततेत काय काय असतं याची यादी मी विद्यार्थिनी म्हणून घरबसल्या करू शकते. काय समजलं नाही तेच न समजणं असतं. सगळ्यांपुढे हसं होईल ही भीती असते. घंटा वाजायला आली आहे आणि आता हात वर केला तर सगळा वर्ग चिडेल, हा हिशेब असतो. आणि आमच्या घरी जे सांगायचे ते असतं: “बाईंना उगाच त्रास देऊ नको. आपलं आपण बघ.” हे आई कौतुकाने सांगायची, तो तिच्या लेखी संस्कार होता. जेसिका कॅलार्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत बसून पाहिलं तेव्हा त्यांना हेच दिसलं. कष्टकरी घरांतले आईवडील मुलांना सांगतात, शिक्षकांना त्रास देऊ नका, स्वतः धडपडा. सुखवस्तू घरांतले सांगतात, जा आणि विचार, नाही कळलं तर परत विचार. दोघांनाही आपण मुलाला चांगलं वळण लावतोय असंच वाटतं. वर्गात मात्र शिक्षक मदत करतो ती मागणाऱ्याला. न मागणारा शहाणा, शांत, ‘त्रास न देणारा’ म्हणून शेऱ्यात येतो आणि मागे पडत जातो.

माझ्या प्रगतिपुस्तकात सलग चार वर्षं ‘शांत व शिस्तप्रिय’ असा शेरा आहे. आईने ती प्रगतिपुस्तकं जपून ठेवली आहेत.

इथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, म्हणूनच तर आपल्याला तुझ्यासारखे शिक्षक हवेत, त्या बाजूने आलेले. मीही असंच समजत होते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हे किती आधी म्हटलं होतं: प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्यांना जास्त कळतील. त्या काळात ते म्हणणं फार धाडसाचं होतं आणि आजही ते मला पटतं. पण एवढ्याने भागत नाही, हे मला माझ्या रेकॉर्डिंगने शिकवलं. त्या चार मुलांचे चेहरे मी आठवून पाहिले. इस्त्रीचे कपडे, वहीला कव्हर, नजरेला नजर देऊन बोलणारी, वाक्य पूर्ण करणारी मुलं. मी ज्या बाकावरून आले त्या बाकाकडे मी पाहिलंच नव्हतं. तिकडे बघितलं की माझा पाठ फसेल असं वाटत होतं.

रे रिस्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचा अभ्यास मला त्यानंतर भेटला, तुमच्याच ग्रंथालयात, एका जुन्या संपादित पुस्तकात. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या एका शहरी शाळेतल्या बालवर्गापासून त्यांनी त्याच मुलांचा पुढल्या इयत्तांपर्यंत माग ठेवला. शाळा सुरू होऊन आठवा दिवस उजाडला, तेव्हा बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचं बसवून टाकलं होतं. कोणतीही चाचणी घेतली नव्हती. पहिल्या टेबलावर स्वच्छ कपड्यांतली, शाळेच्या भाषेत मोकळं बोलणारी, बऱ्या परिस्थितीतली मुलं. बाईंचं बोलणं, बाईंचं लक्ष, फळ्याजवळ येण्याची संधी बहुतेक त्याच टेबलाला. पुढच्या इयत्तेत गेल्यावर वेगळ्या बाई, तरीही टेबलं जवळजवळ तीच, कारण आता हातात ‘मागच्या वर्षीची प्रगती’ होती. आठ दिवसांत केलेला अंदाज पुढे नोंदवहीतलं सत्य होऊन बसला. आणि मला थांबवणारी गोष्ट अशी: मुलं कृष्णवर्णीय होती आणि बाईही कृष्णवर्णीयच होत्या. त्या दुष्ट होत्या असं रिस्ट यांनी कुठे सुचवलेलं नाही. यशस्वी मूल कसं दिसतं याचं एक चित्र त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी कधी बाहेर काढून पाहिलं नव्हतं.

म्हणून फुल्यांच्या म्हणण्याला मी एक पुरवणी जोडू इच्छिते. त्या घरांतून शिक्षक आणा, आणि मग प्रशिक्षणात त्यांची ती बाजू पुसून टाकू नका. आमच्यापैकी बरेच जण इथे येऊन दोन वर्षांत आवाज, उच्चार, कपडे, हसण्याची पद्धत सगळं बदलून बाहेर पडतात. आपण कुठून आलो हे लपवता आलं म्हणजे शिक्षक झालो, अशी काहीशी समजूत असते. ती तुम्ही कधी सांगितलेली नाही. तीही न सांगितलेलीच.

दोन आक्षेप येतील, तेही बोलून घेते. पहिला, विषमता घरातून येते, शिक्षक काय करणार? अमेरिकेतल्या शाळांमधल्या विषमतेवरचा १९६६ चा कोलमन अहवाल नेहमी इथे पुढे येतो. सुमारे ४,००० शाळा, सहा लाखांहून अधिक विद्यार्थी, आणि निष्कर्ष असा की मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला दिसतो. ठीक. पण घरची पार्श्वभूमी वर्गात नेमकी कशी कामाला येते? ती काही दप्तरातून उडी मारून उत्तरपत्रिकेवर बसत नाही. ‘मायना तर तुम्हाला येतोच’ यासारख्या वाक्यांतूनच ती आत येते. मी जे सांगायचं सोडते ते घरून आणावं लागतं, आणि ज्याच्या घरी ते नाही त्याच्या खात्यात शून्य. माझ्यापुरतं मी तेवढं दार बंद करू शकते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो आमच्यातल्याच प्रागतिक मंडळींकडून येतो. मुलांना नियम सांगत बसणं म्हणजे त्यांना साच्यात घालणं, त्यापेक्षा त्यांना मोकळं सोडा, कृती करू द्या, स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. मलाही हे सगळं आवडतं. पण ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही मी पाहिलेली सर्वांत फसवी सूचना आहे. एका मुलीने खरोखरच स्वतःच्या शब्दांत लिहिलं: ‘नदीला लई पाणी होतं, आमी पळालो.’ वहीत ‘लई’ला लाल रेघ, ‘आमी’ला लाल रेघ, खाली ‘भाषा सुधारावी’. स्वतःचे म्हणजे पुस्तकासारखे, पण पुस्तकातले नव्हेत, हे तिला कोणी सांगितलं होतं? बेसिल बर्नस्टाइन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी अशाच मोकळ्या वाटणाऱ्या पद्धतीला अदृश्य अध्यापन म्हटलं होतं: नियम असतातच, फक्त शिक्षक ते उघड करत नाही. जुन्या घोकंपट्टीच्या वर्गात निदान काय पाठ करायचं ते तरी कळायचं, असं मी म्हणाले तर तुम्हाला राग येईल, पण मागच्या बाकावरून ते तसंच दिसतं. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ मध्ये हे स्पष्ट मांडलं की ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांच्या रीतीभाती वर्गात चालतात, आणि जे त्या वर्तुळात वाढले नाहीत त्यांना त्या रीती उघडपणे सांगितल्या तर सोपं जातं. मुलीला ‘लई’ शब्द टाकून दे असं सांगायची गरज नाही. हा तुझा शब्द आहे, छान आहे, गोष्टीत वापर, परीक्षेच्या उत्तरात तपासणारा ‘खूप’ची वाट बघत असतो, आणि ते तसं का आहे यावर आपण एकदा बोलू. एवढं सांगायला मला दीड मिनिट लागलं. तिने पुढच्या निबंधात दोन्ही शब्द वापरले, लई संवादात आणि खूप बाकी सगळीकडे. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं.

मला तुमच्याकडून जे हवंय ते फार मोठं नाही. टाचणात ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना असतो. आम्ही तिथे डोळे मिटून लिहितो, ‘विद्यार्थ्यांना वाक्यरचना माहीत आहे.’ कोणत्या विद्यार्थ्यांना, आणि तुला कसं कळलं, असं एकदा तरी विचारा. तो रकाना तपासल्याशिवाय सही देऊ नका. प्रकल्प द्यायला सांगता तेव्हा तो घरी कोण करणार आहे, याचं उत्तर टाचणात लिहून घ्या. चकचकीत छापलेली चित्रं आणि आईच्या सुबक अक्षरातले मथळे यांना आम्ही गुण देतो आणि त्याला मुलाची सर्जनशीलता म्हणतो, हे तुम्हालाही माहीत आहे. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावात, प्रश्न कौशल्य आहे, प्रबलन (मुलांना शाबासकी देणं) आहे, फलकलेखन आहे. थांबण्याचं कौशल्य घाला, सेकंद मोजून. सुरुवातीला फार अवघड जातं. ती तीन सेकंदं अशी ताणली जातात की वाटतं, मागे बसलेले सर आता तक्त्यात ‘पाठ रेंगाळला’ लिहिणार.

आणि तक्ता बदला. ‘वर्ग नियंत्रण’, ‘आवाजातील चढउतार’ असू द्या. त्याच्या शेजारी वर्गाचा एक साधा नकाशा हवा, बाकांच्या चौकोनांचा. कोणाला प्रश्न गेला तिथे एक रेघ मारायची, एवढंच. पाठ संपल्यावर तो कागद माझ्या हातात द्या, शेरा नसला तरी चालेल. त्या रेकॉर्डिंगनंतर मी स्वतः असा कागद करून पाहिला, एका मैत्रिणीला मागे बसवून. सगळ्या रेघा पहिल्या दोन रांगांत आणि मधल्या बाकांवर होत्या. उजवीकडचा मागचा कोपरा कोरा होता. मी तिकडे एकदाच गेले होते, खिडकी लावायला.

पुढच्या मंगळवारी माझा पाठ आहे, इयत्ता सहावी, विषय पत्रलेखन. योगायोगच म्हणायचा. मायन्याला मी पहिली दहा मिनिटं दिली आहेत, टाचणात तसं लिहिलं आहे, आणि मजकूर पुरा होणार नाही अशी शक्यता आहे. ‘काही शंका?’ मी विचारणार नाहीये. त्याऐवजी प्रत्येकाने अडलेली एक जागा चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, टेबलावर ठेवायची आहे. तुम्ही येणार आहात. नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसता, तिथून मी चांगली दिसते. या वेळी उजवीकडच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसाल का? तिथे एक मुलगी बसते, फार शांत. तिच्या शेजारी जागा आहे. माझ्याकडे नाही बघितलं तरी चालेल, ती कधी लिहायला लागते आणि कधी थांबते तेवढं बघा, आणि तास संपल्यावर मला सांगा.

आपली विद्यार्थिनी,
एक छात्राध्यापिका